केबल लावली, पण बोर्ड दिसत नाही: यूएसबी नेटवर्कचा बिघाड खालून वर कसा शोधायचा

रास्पबेरी पाय झीरो हा छोटा संगणक-बोर्ड २०१५ च्या नोव्हेंबरात पाच डॉलरला बाजारात आला, तेव्हा त्यावर वाय-फाय नव्हतं आणि नेटवर्कची केबल लावायला जागाही नव्हती. वाय-फाय आलं २०१७ मध्ये, झीरो डब्ल्यू या बोर्डात. पण पहिल्या झीरोलाही एक सोय होती, आणि ती आजही तितकीच कामाची आहे. बोर्ड आणि लॅपटॉप यांच्यात एकच यूएसबी केबल जोडायची. तीच केबल बोर्डाला वीज देते आणि तिच्यावरूनच नेटवर्कही चालतं. मॉनिटर नको, कीबोर्ड नको, राउटर नको. लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं की थेट बोर्डात.

पुण्यात ही सोय किती जणांना वाचवते ते इथल्या मुलांना विचारा. कर्वेनगरच्या पीजीतलं वाय-फाय आधी ब्राउझरमध्ये पान उघडून मोबाइलवर आलेला ओटीपी मागतं. बोर्डाला ते पान उघडताच येत नाही. हॉस्टेलच्या राउटरवर एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सेटिंग असते, त्यामुळे बोर्ड आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर असूनही एकमेकांना सापडत नाहीत. हिंजवडीतल्या बऱ्याच ऑफिसांत अनोळखी उपकरण नेटवर्कला जोडायलाच परवानगी नसते. अशा सगळ्या ठिकाणी ही एक केबल पुरते. मंडळाच्या देखाव्यातले दिवे चालवणारा बोर्ड असो की गच्चीवरचं तापमान नोंदवणारा, जागेवर जाऊन लॅपटॉप लावला की काम सुरू.

अडचण एवढीच, की ही सोय चालत नाही तेव्हा काहीच सांगत नाही. बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, लॅपटॉप गप्प असतो, आणि माणूस नेटवर शोधून एकेक उपाय करत सुटतो. बोर्डाचं मेमरी कार्ड पुन्हा लिहितो, ड्रायव्हर टाकतो, फाइल बदलतो, परत कार्ड लिहितो. दोन तासांनी नेमकं काय बदललं होतं हेही आठवत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ‘यूएसबी नेटवर्क चालत नाही’ हा एक बिघाड नाही. त्यात एकावर एक रचलेले पाच-सहा टप्पे आहेत आणि त्यातला कोणताही एक अडलेला असू शकतो. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी नळ बदलत नाही. महापालिकेचं पाणी आलं का, खालची टाकी भरली का, पंप चालू आहे का, हे त्या क्रमाने बघतो. इथेही तसंच करायचं. सर्वांत खालचा टप्पा नीट आहे याची खात्री डोळ्यांनी झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

बोर्ड उपकरण कसा बनतो

यूएसबीत दोन बाजू समान नसतात. एक बाजू यजमान, म्हणजे होस्ट, आणि दुसरी उपकरण. सगळा संवाद होस्ट सुरू करतो. उपकरण विचारलं तरच बोलतं. लॅपटॉप होस्ट आणि माउस उपकरण. बोर्डाला आपण पेन ड्राइव्ह लावतो तेव्हा बोर्ड होस्ट असतो. पण बोर्ड लॅपटॉपला लावायचा तर दोघंही होस्ट असून चालणार नाही. एकाला उपकरणाची भूमिका घ्यावी लागते, आणि ती बोर्ड घेतो. लिनक्समध्ये या भूमिकेला गॅजेट म्हणतात.

प्रत्येक बोर्डाला हे जमत नाही. भूमिका बदलू शकणारा यूएसबी कंट्रोलर चिपमध्ये असावा लागतो आणि त्याच्या तारा थेट बाहेरच्या पोर्टपर्यंत आलेल्या असाव्या लागतात. पाय झीरो, झीरो डब्ल्यू, झीरो २ डब्ल्यू, थ्री ए प्लस यांच्यात तसं आहे. पाय फोरमध्ये वीज देण्याच्या टाइप-सी पोर्टवर ही सोय मिळते. थ्री बी मात्र कितीही खटपट केली तरी गॅजेट होत नाही, कारण चिप आणि पोर्ट यांच्या मध्ये यूएसबी हब आणि इथरनेटची एक वेगळी चिप बसवलेली आहे, आणि त्या हबच्या पलीकडून उपकरणाची भूमिका घेता येत नाही. तुमच्याकडे थ्री बी असेल तर इथेच थांबा आणि साधी नेटवर्क केबल वापरा.

बीगलबोन ब्लॅक हा २०१३ चा बोर्ड या बाबतीत सर्वांत सोपा. मिनी-यूएसबी केबल लावली की कोणतीही फाइल न बदलता तो १९२.१६८.७.२ या पत्त्यावर हजर होतो, लॅपटॉपला १९२.१६८.७.१ मिळतो. मॅक आणि लिनक्सवर त्याच्या नव्या इमेजमध्ये, म्हणजे कार्डावर लिहायच्या तयार सिस्टिममध्ये, १९२.१६८.६.२ हा पत्ताही वापरात येतो. पुढचं बरंचसं विवेचन पाय झीरो डोळ्यासमोर ठेवून केलं आहे, पण टप्पे दोन्हीकडे तेच.

सर्वांत खालचा टप्पा: केबल आणि पोर्ट

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, आणि माहितीसाठी हिरवी व पांढरी अशी जोडी. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये हिरवी-पांढरी जोडी नसतेच. अशा केबलने बोर्ड सुरू होतो, दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं आणि लॅपटॉपला मात्र काहीच दिसत नाही. दिवा लागणं हा फक्त विजेचा पुरावा आहे, हे इथे पक्कं लक्षात ठेवायचं.

केबल तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे तीच केबल मायक्रो-यूएसबीच्या एखाद्या जुन्या फोनला लावून फोटो कॉपी होतात का ते बघणं. होत असतील तर केबल डेटाची आहे. नवी घ्यायची असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन ‘चार्जिंगची नको, डेटा केबल द्या’ असं स्पष्ट सांगा, आणि शक्यतो आखूड घ्या. लांब, बारीक तारेच्या केबलमध्ये वीजही कमी पोचते आणि सिग्नलही खराब होतो.

मग पोर्ट. पाय झीरोवर दोन सारखे दिसणारे मायक्रो-यूएसबी पोर्ट शेजारी शेजारी आहेत. एकावर बारीक अक्षरांत ‘यूएसबी’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘पॉवर इन’. पॉवरच्या पोर्टला माहितीच्या तारा जोडलेल्याच नाहीत. केबल ‘यूएसबी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच हवी. वीजही त्याच वाटेने मिळते, दुसरी केबल लागत नाही.

ओटीजी अ‍ॅडॉप्टर मध्ये घालण्याचा मोह टाळा. मायक्रो-यूएसबीत पाचवी एक पिन असते, आयडी नावाची. ओटीजी अ‍ॅडॉप्टर ती ग्राउंडला जोडतो आणि त्यामुळे बोर्डाला संदेश जातो की ‘तू होस्ट हो’. मग लॅपटॉपही होस्ट, बोर्डही होस्ट, आणि दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसतात.

लॅपटॉपच्या बाजूला हब असेल तर तपासापुरता काढून टाका. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० चा ९००. एकट्या झीरोला ते पुरतं, पण बाहेरून वीज न घेणाऱ्या हबवर तेवढ्यातच माउस, कीबोर्ड आणि हार्ड डिस्कही भागीदार असतात.

ओळखपरेड

केबल बरोबर असेल तर पुढचा टप्पा म्हणजे लॅपटॉपने बोर्डाला ओळखणं. हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बिघाड बोर्डात आहे की लॅपटॉपमध्ये, याचा अर्धा निकाल इथेच लागतो.

घडतं असं. उपकरण माहितीच्या तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढतं. त्यावरून होस्टला कळतं की कोणीतरी आलंय. होस्ट त्याला रीसेट करतो, ‘तू कोण’ असं विचारतो, यूएसबीवरचा क्रमांक देतो आणि मग ‘तुला काय काय येतं’ त्याची यादी मागतो. यादी वाचून योग्य ड्रायव्हर जोडला जातो. इथवर आयपी पत्त्याचा काही संबंधच आलेला नाही, हे ध्यानात घ्या. बोर्डाचा आयपी चुकला म्हणून ओळखपरेड अडत नाही, आणि ओळखपरेड अडली असेल तर आयपी बदलून उपयोग नाही.

लिनक्स लॅपटॉपवर हे सगळं प्रत्यक्ष बघता येतं. टर्मिनलमध्ये सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून ‘डीमेसेज’ ही आज्ञा ‘उणे डब्ल्यू’ या पर्यायासह चालवा. तिची अक्षरं डी, एम, ई, एस, जी. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश जसेच्या तसे समोर येत राहतात. आता केबल लावा आणि वाट बघा. झीरोला सुरू व्हायला वेळ लागतो. नव्या कार्डावर पहिल्यांदा सुरू होताना तो कार्डाची सगळी जागा वापरात घेतो, तेव्हा जास्तच. घाईने केबल उपटू नका, कार्ड बिघडेल.

यानंतर तीनपैकी एक गोष्ट घडेल.

काहीच आलं नाही, एक ओळसुद्धा नाही, तर बोर्ड अजून उपकरण झालेलाच नाही किंवा केबल चुकीची आहे. केबल तपासून झाली असेल तर दोष बोर्डाच्या सेटिंगमध्ये आहे.

‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ असं म्हणून पुढे एरर उणे ७१ किंवा उणे ११० आला, तर दोघांची भेट झाली पण बोलणं नीट झालं नाही. उणे ७१ म्हणजे संवादाचे नियम मोडले गेले, बहुतेक वेळा सिग्नल खराब असल्यामुळे. उणे ११० म्हणजे उत्तराची वाट बघून वेळ संपली. दोन्हींत पहिला संशय केबल, पोर्ट आणि हब यांवर घ्या, सॉफ्टवेअरवर नंतर. संदेशात ‘हाय-स्पीड’ ऐवजी ‘फुल-स्पीड’ लिहिलेलं दिसलं तरी तेच. झीरो ४८० मेगाबिटच्या वेगाने जोडला जायला हवा. तो १२ मेगाबिटवर उतरला असेल तर तारेत काहीतरी गडबड आहे.

आणि तिसरी शक्यता चांगली. नवं हाय-स्पीड उपकरण मिळालं, त्यानंतर ‘सीडीसी ईथर’ या ड्रायव्हरचं नाव आलं आणि नवा नेटवर्क इंटरफेस नोंदला गेला. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली तर यादीत ०५२५:ए४ए२ हा क्रमांक दिसेल आणि पुढे नेटचिप या कंपनीचं नाव. आपल्या बोर्डाचा त्या कंपनीशी संबंध नसतो. लिनक्सचं गॅजेट मॉड्यूल ठरलेला म्हणून तो क्रमांक वापरतं. हे दिसलं की केबल, पोर्ट, वीज, बोर्डाचं गॅजेट मॉड्यूल या सगळ्यांवर टिकमार्क करा आणि पुन्हा तिकडे फिरकू नका.

काहीच आलं नाही तर: दोन फाइली

कार्ड बोर्डातून काढून लॅपटॉपला लावा. बूट नावाचं छोटं पार्टिशन विंडोजलाही दिसतं. त्यात दोन फाइली बघायच्या.

‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ मध्ये ‘डीटीओव्हरले=डीडब्ल्यूसी२’ अशी ओळ हवी. डीडब्ल्यूसी२ हा त्या भूमिका बदलणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर. इथे एक खड्डा आहे आणि त्यात फार लोक पडतात. या फाइलीत चौकोनी कंसात बोर्डांची नावं असलेले विभाग असतात, उदाहरणार्थ सीएम४ किंवा सीएम५. त्या नावाखालची ओळ फक्त त्याच बोर्डाला लागू होते. नव्या इमेजमध्ये सीएम५ च्या खाली डीडब्ल्यूसी२ ची एक ओळ आधीपासूनच असते, तीही होस्टच्या भूमिकेसाठी. ती बघून माणूस म्हणतो, ‘आहे की इथे’, आणि पुढे जातो. आपली ओळ फाइलीच्या शेवटी, चौकोनी कंसातल्या ‘ऑल’ या विभागाखाली लिहायची.

दुसरी फाइल ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’. हिच्यात सगळा मजकूर एकाच ओळीत असतो आणि तसाच राहिला पाहिजे. ‘रूटवेट’ या शब्दानंतर एक मोकळी जागा सोडून ‘मॉड्यूल्स-लोड=डीडब्ल्यूसी२,जी_ईथर’ लिहायचं. जी_ईथर म्हणजे यूएसबीवर नेटवर्क उभं करणारं गॅजेट मॉड्यूल. मॉड्यूल्स आणि लोड यांच्यामध्ये आडवी रेघ, स्वल्पविरामानंतर जागा नाही, आणि मध्ये कुठेही एंटर दाबायचा नाही. एंटर पडला की त्याच्या पुढचं काही वाचलं जात नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून चालू बोर्डावर या फाइली बूट फोल्डरच्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये असतात. जुने लेख वाचून थेट बूट फोल्डरमध्ये बदल केला तर त्याचा काही परिणाम होत नाही. कार्ड लॅपटॉपला लावून बदल करत असाल तर हा प्रश्न येत नाही.

इथे एक अडचण समोर येते. बोर्डाच्या आत काय चाललंय ते बघायचं, पण आत शिरायचा रस्ताच बंद आहे. म्हणून दुसरा रस्ता आधीच तयार ठेवावा असं मी आग्रहाने सांगतो. झीरो डब्ल्यू असेल आणि घरी साधं वाय-फाय असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सीरियल कन्सोल, म्हणजे तीन तारांवरून बोर्डाशी मजकुरात बोलायची सोय. यूएसबी-टू-टीटीएल नावाचा छोटा अ‍ॅडॉप्टर घ्या, सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा. कॉन्फिग फाइलीत ‘एनेबल_यूएआरटी=१’ लिहा. बोर्डाची ६ क्रमांकाची पिन ग्राउंडला, ८ क्रमांकाची अ‍ॅडॉप्टरच्या आरएक्सला आणि १० क्रमांकाची टीएक्सला जोडा. वेग ११५२००. अ‍ॅडॉप्टर ३.३ व्होल्टवर असल्याची खात्री आधी करा. पाच व्होल्टचा सिग्नल या पिनांना सोसत नाही आणि बोर्ड कायमचा जाऊ शकतो. या रस्त्याने बोर्ड सुरू होतानाचे सगळे संदेशही दिसतात आणि लॉगिनही करता येतं.

आत शिरलात की ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘क्लास’ मधला ‘यूडीसी’ हा फोल्डर बघा. तो रिकामा असेल तर कंट्रोलर उपकरणाच्या भूमिकेत आलाच नाही. परत कॉन्फिग फाइलीकडे. त्यात एक नाव असेल, झीरोवर ते २०९८०००० या आकड्याने सुरू होतं, तर त्याच्या आत ‘स्टेट’ नावाची फाइल वाचा. ‘नॉट अटॅच्ड’ म्हणजे बोर्ड तयार आहे पण केबलच्या पलीकडे कोणी दिसत नाही. ‘कॉन्फिगर्ड’ म्हणजे लॅपटॉपने ओळखपरेड पूर्ण केली. बोर्डाची बाजू एका शब्दात सांगणारी इतकी उपयोगी फाइल असूनही तिच्याबद्दल फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं.

विंडोजला तो मोडेम वाटतो

विंडोजवर एक खास घोटाळा होतो. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर नेटवर्कच्या यादीत काही नाही, पण ‘पोर्ट्स’ खाली एक नवा कॉम पोर्ट उगवलेला असतो. बोर्डाने आपली ओळख बरोबर दिली आहे, विंडोजने ती चुकीची लावली आहे.

यूएसबीवरून नेटवर्क चालवायचे मार्ग अनेक आहेत. सीडीसी ईसीएम आणि सीडीसी एनसीएम हे खुले मानक. आरएनडीआयएस हा मायक्रोसॉफ्टचा. मॅक आणि लिनक्स ईसीएम सहज समजतात. विंडोज ईसीएम समजत नाही, म्हणून जी_ईथर त्याच्यासाठी आरएनडीआयएसही पुढे करतं. पण हे आरएनडीआयएस स्वतःचा वर्ग २ आणि उपवर्ग २ असा सांगतं, आणि तोच वर्ग-उपवर्ग यूएसबी मोडेमचाही आहे. विंडोज १० मध्ये त्या वर्गासाठी सीरियल पोर्टचा ड्रायव्हर आधीपासून असतो, तो पुढे होऊन बसतो.

उपाय हाताने करायचा. त्या कॉम पोर्टवर राइट-क्लिक, अपडेट ड्रायव्हर, मग माझ्या संगणकावर शोधा, मग यादीतून मी निवडतो. ‘कम्पॅटिबल हार्डवेअर’ च्या चौकटीतली खूण काढा, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स निवडा, कंपनी मायक्रोसॉफ्ट आणि त्यात ‘रिमोट एनडीआयएस कम्पॅटिबल डिव्हाइस’. विंडोज इशारा देईल, होय म्हणा. कुठल्याशा अनोळखी साइटवरची झिप फाइल उतरवायची गरज नाही; हा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे. विंडोज ११ मध्ये एनसीएमचा ड्रायव्हरही आलेला आहे, त्यामुळे बोर्डावर एनसीएम गॅजेट उभं केलं तर हा सगळा प्रकार टळतो.

इंटरफेस आहे, पत्ता नाही

आता दोन्हीकडे नेटवर्क कार्ड दिसतंय. बोर्डावर त्याचं नाव यूएसबी०, उबुंटू लिनक्सच्या लॅपटॉपवर ‘ईएनएक्स’ आणि पुढे बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक. ‘आयपी ए’ ही आज्ञा दोन्हीकडे चालवा. दोन्हीकडे म्हणतोय, कारण बहुतेक जण फक्त लॅपटॉपकडे बघून निष्कर्ष काढतात.

बुकवर्मपासून बोर्डाचं नेटवर्क नेटवर्कमॅनेजर सांभाळतो, आणि जुने लेख इथे सपशेल फसवतात. नेटवर्कमॅनेजरबरोबर येणाऱ्या एका नियमात लिहिलेलं आहे, की इंटरफेस गॅजेट प्रकारचा असेल तर त्याला हात लावायचा नाही. त्यामागे विचार असा, की ज्याने गॅजेट उभं केलं त्यालाच ते सांभाळायचं असेल. आपल्या बाबतीत मात्र त्याला सांभाळणारं कोणीच उरत नाही. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही आज्ञा दिली की यूएसबी० पुढे ‘अनमॅनेज्ड’ लिहिलेलं दिसतं. बाकी सगळं बरोबर असून बोर्ड गप्प बसण्याचं हे आजचं सर्वांत मोठं कारण आहे.

तात्पुरतं ‘एनएमसीएलआय डिव्हाइस सेट यूएसबी० मॅनेज्ड येस’ असं सुडो लावून सांगता येतं. कायमचं करायचं तर ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरच्या ‘कॉन्फ डॉट डी’ मध्ये, नावाच्या शेवटी ‘डॉट कॉन्फ’ असलेली एक फाइल करा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘डिव्हाइस-यूएसबी०’, दुसरीत ‘मॅच-डिव्हाइस=इंटरफेस-नेम:यूएसबी०’ आणि तिसरीत ‘मॅनेज्ड=१’. ही सेटिंग त्या नियमापेक्षा वरचढ ठरते. त्यानंतर यूएसबी० साठी एक कनेक्शन तयार करून त्याला ठरावीक पत्ता द्या.

कोणता पत्ता? मी बीगलबोनची पद्धत उचलायला सांगेन: बोर्ड १९२.१६८.७.२, लॅपटॉप १९२.१६८.७.१, मास्क २४. घरच्या राउटरच्या मालिकेतला पत्ता यूएसबीला कधीही देऊ नका. राउटर १९२.१६८.१.१ असताना बोर्डाला १९२.१६८.१.५० दिला, तर लॅपटॉप तो पत्ता वाय-फायवर शोधत बसेल आणि बोर्ड केबलवर वाट बघेल. आणि लॅपटॉपच्या बाजूला या कनेक्शनमध्ये गेटवेची (इंटरनेटकडे जायच्या वाटेची) जागा रिकामी ठेवा, नाहीतर केबल लावताच लॅपटॉपचंच इंटरनेट बंद पडतं.

पत्ता ठरवलाच नाही तर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दोघं आपापले घेऊ शकतात. विंडोज आणि मॅक हे आपणहून करतात. उबुंटू करत नाही. तो डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ता वाटणाऱ्या सेवेची, वाट बघून शेवटी ‘कनेक्शन फेल्ड’ म्हणतो. तिथे आयपीव्ही४ च्या टॅबमध्ये ‘लिंक-लोकल ओन्ली’ निवडावं लागतं.

पत्ता माहीतच नसेल तर आयपीव्ही६ कामी येतं. इंटरफेस चालू असेल तर त्याला एफई८० ने सुरू होणारा पत्ता कोणी न देताच असतो. लॅपटॉपवरून, पलीकडे कोणी आहे का ते विचारणारी पिंगची आज्ञा, ‘पिंग एफएफ०२::१%’ आणि पुढे इंटरफेसचं नाव लिहून बघा. त्या तारेवर जो कोणी असेल तो उत्तर देतो: एक आपण स्वतः आणि दुसरा बोर्ड. त्या पत्त्यावर, पुन्हा टक्क्याचं चिन्ह आणि इंटरफेसचं नाव जोडून, एसएसएचही (टर्मिनलवरून दुसऱ्या संगणकात लॉगिन) होतं.

इथेच ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीचं उत्तर आहे. जी_ईथरला मॅक पत्ता सांगितला नाही तर ते प्रत्येक वेळी नवा, कसाही बनवतं. मॅक पत्ता बदलला की उबुंटूवर इंटरफेसचं नाव बदलतं, आणि काल त्या नावाला दिलेलं सगळं सेटिंग निरुपयोगी होतं. विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतो. म्हणून सीएमडीलाइनच्या त्याच ओळीत ‘जी_ईथर.होस्ट_अ‍ॅडर=’ आणि ‘जी_ईथर.डेव्ह_अ‍ॅडर=’ असे दोन वेगवेगळे पत्ते कायमचे देऊन टाका. पहिली जोडी ०२ ठेवा. तिचा अर्थ पत्ता आपण घरीच ठरवला आहे असा होतो. ०१ किंवा ०३ सारखी विषम संख्या पहिल्या जोडीत चालत नाही, तो समूह-पत्ता धरला जातो. दोन बोर्ड एकदम लावणार असाल तर दोघांचे मॅक पत्तेही वेगळे आणि आयपीची मालिकाही वेगळी.

पिंग होतं, पण लॉगिन नाही

हा टप्पा छोटा आहे. पत्त्याला पिंग होतंय पण ‘रास्पबेरीपाय डॉट लोकल’ या नावाला नाही, तर नेटवर्क ठीक आहे, फक्त नाव शोधणारी सेवा अडली आहे. पत्ता वापरा आणि पुढे चला. लॅपटॉपची फायरवॉल नवं कनेक्शन ‘पब्लिक’ धरून ५३५३ हा पोर्ट अडवत असेल तरीही हेच दिसतं. विंडोजची हीच फायरवॉल बोर्डावरून येणारं पिंगही अडवते, त्यामुळे उलट दिशेचं पिंग झालं नाही म्हणून घाबरू नका.

एसएसएच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणालं तर बोर्डावर एसएसएच सुरूच नाही. बूट पार्टिशनमध्ये एसएसएच नावाची रिकामी फाइल ठेवून बोर्ड पुन्हा सुरू करा. पासवर्ड चालत नसेल तर आठवा, की एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हा ठरलेला वापरकर्ता आणि त्याचा सर्वांना पाठ असलेला पासवर्ड काढून टाकला आहे. कार्ड लिहितानाच इमेजरमध्ये नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. आणि ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा मोठा इशारा आला, तर त्याच पत्त्यावर आधी दुसरं कार्ड किंवा दुसरा बोर्ड होता असा त्याचा अर्थ. तुम्हीच कार्ड बदललं असेल तर ‘एसएसएच-कीजेन उणे आर’ आणि पत्ता देऊन जुनी नोंद काढा.

बोर्डाला इंटरनेट हवं असेल तर

लॅपटॉपचं इंटरनेट केबलवरून बोर्डाला देता येतं. उबुंटूवर त्या कनेक्शनची आयपीव्ही४ पद्धत ‘शेअर्ड टू अदर कम्प्यूटर्स’ करा, लॅपटॉप १०.४२.०.१ होतो आणि बोर्डाला पत्ता वाटतो. विंडोजचं शेअरिंग १९२.१६८.१३७.१ घेतं. अशा वेळी बोर्डावरचा ठरावीक पत्ता काढून त्याला डीएचसीपीवर ठेवा, नाहीतर दोघं दोन वेगळ्या मालिकांत बसतील.

तपास पुन्हा त्याच क्रमाने. बोर्डावरून आधी लॅपटॉपला पिंग, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या नावाला. लॅपटॉपला होतंय आणि ८.८.८.८ ला नाही, तर शेअरिंग किंवा गेटवे अडलाय. ८.८.८.८ ला होतंय आणि नावाला नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा. बोर्डावरची ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ उघडून बघा.

तिन्ही पिंग होऊनही अपडेट अडतं तेव्हा घड्याळ बघा. झीरोवर बॅटरीचं घड्याळ नाही. बंद केला की वेळ थांबते आणि सुरू झाल्यावर तो जुन्याच तारखेपासून मोजायला लागतो. खरी वेळ त्याला इंटरनेटवरून मिळते. ती मिळेपर्यंत ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असा संदेश येतो किंवा सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही असं म्हणून सुरक्षित साइट नाकारल्या जातात. ऑफिसच्या नेटवर्कवर वेळ देणारा १२३ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट अडवलेला असेल तर ती कधीच आपोआप लागत नाही. ‘डेट’ ही आज्ञा देऊन तारीख बघा, चुकीची असेल तर सुडो लावून ‘डेट उणे एस’ ने हाताने लावा आणि अपडेट परत चालवा.